प्रोसेसरचा फळा आणि कर्नलची वही



मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास चढतो, हे खानदेशातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. दुपारी रस्ते ओस पडतात. शेतकरी भल्या पहाटे शेतावर जातो आणि उन्हे तापण्यापूर्वी निंबाची सावली गाठतो. उष्णता वाढली की कामाचा वेग आवरावा, हे शहाणपण माणसाला आणि जनावरांना उपजतच असते. पण तुमच्या शाळेतल्या संगणकाचे काय? त्यालाही उन्हाळा बाधतो का? बाधत असेल तर ते त्याला कसे कळते? आणि कळल्यावर कोणते काम कोठे करायचे, हे कोण ठरवतो? या प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू. त्यासाठी थोडे गणित करू आणि धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठीही एक फेरी मारून येऊ.

१. उष्णता येते कोठून?

संगणकातील सर्व आकडेमोड प्रोसेसर नावाच्या चिपमध्ये होते. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म विद्युत कळा असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. या कळा सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात आणि प्रत्येक उघडझापीला थोडी विद्युत ऊर्जा खर्च होते. ही ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ६५ वॉट शक्ती घेणारा प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या जागेत कोंबलेला ६५ वॉटचा दिवाच समजा.

या शक्तीचे सूत्र सोपे आहे :

शक्ती ∝ (विद्युतदाब)² × वारंवारता

वारंवारता म्हणजे प्रोसेसरचा वेग. वेग वाढवायचा तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. म्हणून दाब आणि वेग सारख्याच प्रमाणात बदलतात असे धरले, तर शक्ती ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

२. खानदेशी उन्हाळ्याचे गणित

चिपमधली उष्णता धातूच्या पात्यांमधून आणि पंख्याच्या वाऱ्याने खोलीतल्या हवेत जाते. या वाटेत जो अडथळा होतो त्याला उष्णतारोध म्हणतात. ओहमच्या नियमासारखाच येथे एक नियम आहे :

चिपचे तापमान = खोलीचे तापमान + (शक्ती × उष्णतारोध)

समजा, शक्ती ६५ वॉट आहे आणि उष्णतारोध दर वॉटला ०.८ अंश आहे. तर तापमानातील वाढ ६५ × ०.८ = ५२ अंश. डिसेंबरमध्ये खोलीत २० अंश असतील तर चिप ७२ अंशांवर राहील. मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतील तर ९४ अंशांवर. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे मे महिन्यातही काम जेमतेम भागले.

आता पात्यांवर वर्षभराची धूळ बसू द्या. उष्णतारोध ०.८ वरून १ झाला, तर वाढ ६५ अंश होते. डिसेंबरमध्ये चिप ८५ अंशांवर राहील आणि कोणाला काही जाणवणारही नाही. पण मे महिन्यात हिशेब १०७ अंशांचा येतो. तो चालणार नाही! दोष धुळीचा. तो डिसेंबरमध्येही होताच, पण थंडीने त्याच्यावर पांघरूण घातले होते. मे महिन्याने ते काढून घेतले, इतकेच. 'उन्हाळ्यात संगणक बिघडतात' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते.

मग प्रोसेसरने काय करावे? १०० अंशांच्या आत राहायचे तर शक्ती (१०० − ४२) ÷ १ = ५८ वॉटपर्यंत उतरवली पाहिजे. आता मघाचे घनाचे प्रमाण आठवा. वेग ४ टक्क्यांनी कमी केला, तर ०.९६ × ०.९६ × ०.९६ = सुमारे ०.८८५. आणि ६५ × ०.८८५ = सुमारे ५७.५ वॉट. म्हणजे वेगात फक्त ४ टक्के घट सोसली की उष्णतेचे संकट टळते! प्रत्यक्षात हिशेब इतका नेटका नसतो, कारण कळा बंद असतानाही थोडी गळती चालूच राहते. तरीही थोडा वेग सोडून बरीच उष्णता वाचवता येते, हे तत्त्व खरे आहे.

हे काम प्रोसेसर आपले आपण करतो. त्याच्या आतच तापमान मोजणारे संवेदक बसवलेले असतात. मर्यादा जवळ आली की तो वेग उतरवतो, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर जळण्यापूर्वी संगणक बंद पाडतो. परिणामाची खबर मागे कारणाकडे पोहोचवायची आणि त्यानुसार कारणात बदल करायचा, या युक्तीला फीडबॅक म्हणतात. शिक्षणशास्त्रात त्यालाच 'प्रत्याभरण' म्हणतात, हे तुमच्या गुरुजींना ठाऊक असेल. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग कायम ठेवण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा जो नियंत्रक वापरला, तो याच युक्तीवर चालतो. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने अशा नियंत्रकांचे गणित मांडले.

३. जीव वाचला, पण कामाचे काय?

येथवरची गोष्ट एका कोअरची झाली. प्रोसेसरमध्ये आकडेमोड करणारा जो स्वतंत्र भाग असतो त्याला कोअर म्हणतात. आजच्या प्रोसेसरमध्ये असे अनेक कोअर असतात, आणि ते सगळे सारखे असतातच असे नाही. इंटेल कंपनीने २०२१ च्या नोव्हेंबरात बाजारात आणलेल्या बाराव्या पिढीच्या अनेक प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर होते. मोठे कोअर वेगवान, पण वीज फार खाणारे. छोटे कोअर सावकाश, पण काटकसरी. मोबाइल फोनमध्ये तर ही जोडी त्याहीपूर्वीपासून नांदते आहे.

आता अडचण पाहा. कोणते काम कोणत्या कोअरने करायचे, हे प्रोसेसर ठरवत नाही. ते संगणक चालवणारी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, ठरवते. तिच्या अगदी आतल्या भागाला कर्नल म्हणतात. बदाम फोडल्यावर आत गर मिळतो, तसा हा तिचा गर. कर्नल कामे वाटतो, पण कोणता कोअर तापला आहे आणि कोणात अजून दम आहे, हे फक्त प्रोसेसरला ठाऊक! ज्याच्याजवळ माहिती आहे तो वाटप करीत नाही, आणि जो वाटप करतो त्याच्याजवळ माहिती नाही. मोठा कोअर आधीच धापा टाकत असेल आणि कर्नल त्याच्याच डोक्यावर नवे ओझे ठेवत असेल, तर काम रखडणारच. हे कोडे कसे सोडवायचे?

४. पांझरेच्या काठी

थोडा वेळ संगणक बाजूला ठेवा आणि साक्री-धुळ्याकडे चला. पांझरा, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम आणि आरम, या नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षांपासून फड नावाची पाणीवाटपाची पद्धत आहे. नदीवर बंधारा बांधून पाणी पाटाने शेतांकडे नेतात. जादा पाणी सांडव्यावाटे नदीत परत जाते. गावची भिजणारी जमीन काही मोठ्या भागांत वाटलेली असते. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे, म्हणजे पाणी मोजून देता येते. पाणी सोडायला पाटकरी, पिकांची राखण करायला जागल्या आणि देखरेखीला हवालदार. ही माणसे शेतकऱ्यांनी आपली आपण नेमलेली. पाणी किती आहे याचा अंदाज घेऊन शेतकरी एकत्र ठरवतात, की यंदा किती फड भिजवायचे. पाणी कमी असेल तर काही फड पडीक ठेवतात. सगळ्यांचेच पीक अर्धवट वाळवण्यापेक्षा थोडे क्षेत्र नीट भिजवलेले बरे, हा त्यामागचा विचार.

आता एक कल्पना करू. समजा, बंधाऱ्यावर एक फळा टांगला आहे. बंधाऱ्यावरचा माणूस त्याच्यावर प्रत्येक फडाला किती पाणी देता येईल ते लिहितो, कोपऱ्यात एक खूण करतो आणि घंटा वाजवतो. पाटकरी येतो, फळ्यावरचे आकडे आपल्या वहीत उतरवून घेतो आणि खूण पुसतो. खूण पुसली, म्हणजे 'मी वाचले, आता नवे लिहायला हरकत नाही'. जोपर्यंत खूण आहे, तोपर्यंत बंधाऱ्यावरच्या माणसाने फळ्याला हात लावायचा नाही.

असा फळा फडावर खरोखर होता असे नाही. पण प्रोसेसर आणि कर्नल यांच्यामध्ये मात्र अगदी असाच फळा आहे!

५. पाच पायऱ्या

इंटेलच्या काही प्रोसेसरांत 'हार्डवेअर फीडबॅक इंटरफेस' नावाची सोय आहे. लिनक्स या प्रणालीच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर २०२२ च्या मे महिन्यात, ५.१८ या आवृत्तीत आला. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्रभागाशी त्याच्याच भाषेत बोलणारा कर्नलचा दुभाष्या. तो काय करतो ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी : संगणक सुरू होताना ड्रायव्हर स्मृतीत थोडी जागा राखून ठेवतो आणि तिचा पत्ता प्रोसेसरला कळवतो. हा झाला फळा.

दुसरी पायरी : प्रोसेसर त्या जागेत एक तक्ता लिहितो. तक्त्यात प्रत्येक कोअरसाठी दोन आकडे असतात. एक कामाच्या क्षमतेचा, दुसरा ऊर्जेच्या काटकसरीचा. दोन्ही ० ते २५५ च्या दरम्यान असतात. आकडा जितका मोठा तितका चांगला. या आकड्यांना एकक नाही. ते फक्त तुलनेसाठी आहेत. उदाहरणार्थ, थंड असताना मोठ्या कोअरची क्षमता २२० आणि छोट्याची १३० असेल. मोठा तापला की त्याचा आकडा उतरू शकतो. आणि आकडा ० असेल तर त्याचा अर्थ 'येथे काम पाठवू नये'. पडीक ठेवलेला फडच जणू!

तिसरी पायरी : तक्ता बदलला की प्रोसेसर एक खूण उभी करतो आणि कर्नलला हाक देतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ही आपली घंटा. गंमत अशी की हाक चिपमधल्या सगळ्याच कोअरना ऐकू जाते. सगळे धावले तर गर्दीच होईल. म्हणून जो कोअर प्रथम पोहोचतो तो कडी लावून घेतो. बाकीचे कडी लागलेली पाहून, रांगेत न थांबता, आपापल्या कामाला परततात.

चौथी पायरी : आत गेलेला कोअर आधी तक्त्यावरची वेळेची नोंद पाहतो. ती वहीतल्या नोंदीसारखीच असेल तर मजकूर जुनाच आहे, उतरवण्यासारखे काही नाही. नवी असेल तर तो सगळा तक्ता कर्नलच्या वहीत उतरवून घेतो आणि मगच खूण पुसतो.

हा क्रम नीट ध्यानात घ्या. आधी नक्कल, मग खूण पुसणे. क्रम उलटा केला तर काय होईल? खूण पुसताच प्रोसेसर नवे आकडे लिहू लागेल, आणि वहीत अर्धे जुने, अर्धे नवे आकडे उतरतील. असा मिश्र तक्ता कोणत्याही क्षणी खरा नव्हता. चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट! उलट खूण पुसायचीच राहिली, तर प्रोसेसर ताटकळत राहील आणि सकाळचे आकडे दुपारच्या उन्हातही तसेच राहतील.

पाचवी पायरी : वहीतल्या आकड्यांची यादी करून ड्रायव्हर ती संगणकात चालू असलेल्या देखरेखीच्या प्रोग्रॅमना कळवतो. कोणते कोअर वापरायचे आणि कोणते विश्रांतीला ठेवायचे, हे ते प्रोग्रॅम त्यावरून ठरवू शकतात. हा ड्रायव्हर स्वतः कामे वाटत नाही. तो खरी खबर वेळेवर पोहोचवतो. फडावरही पाणी मोजणे वेगळे आणि कोणाला किती द्यायचे ते ठरवणे वेगळे.

६. घाई का करू नये?

काही प्रोसेसरांत हा तक्ता दर काही दशांश मिलिसेकंदांनी नव्हे, तर काही दहा मिलिसेकंदांनी बदलू शकतो, म्हणजे एका सेकंदात कित्येक वेळा. प्रत्येक बदलाला देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमला उठवले, तर त्याचा सगळा वेळ खबरा वाचण्यातच जाईल, आणि त्या वाचण्याचीही उष्णता होईल! म्हणून ड्रायव्हर नक्कल लगेच करतो, पण खबर थोडे थांबून पाठवतो. मधल्या काळात आणखी बदल झाले तर शेवटचा, ताजा तक्ताच पुढे जातो.

दुसरेही कारण आहे. काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवण्याला किंमत पडते. त्या कामाची हाताशी असलेली माहिती नव्या जागी पुन्हा जमवावी लागते. एक कोअर तापला म्हणून काम दुसऱ्याकडे नेले, तेवढ्यात पहिला निवला म्हणून परत आणले, असे हेलपाटे घालत बसलो तर काम होणार कधी? खबर झटपट घ्यावी आणि निर्णय सबुरीने करावा, असा हा मेळ आहे. पाटाची दारे दर मिनिटाला वरखाली करणाऱ्या पाटकऱ्याच्या फडात एकही वाफा धड भिजणार नाही.

७. जुन्या पत्त्याचा घोटाळा

असा ड्रायव्हर लिहिणे वरवर सोपे वाटते. पण त्यात बारीक खाचाखोचा असतात. एक खरी हकिकत ऐका. संगणक 'गाढ झोपेत' जातो तेव्हा स्मृतीतला सगळा मजकूर डिस्कवर ठेवून वीज बंद केली जाते. जागे होताना आधी एक तात्पुरता कर्नल सुरू होतो, आणि तो मग जुन्या कर्नलला त्याच्या जागी परत आणतो. आता पाहा. तात्पुरत्या कर्नलने प्रोसेसरला फळ्याचा एक पत्ता दिलेला असतो. जुन्या कर्नलचा फळा दुसरीकडेच असतो. प्रोसेसरला पत्ता बदलल्याचे कोणी सांगितलेच नाही, तर तो पहिल्याच पत्त्यावर लिहीत राहील. पण तेथे आता दुसऱ्याच कोणाचा मजकूर आहे! म्हणजे प्रोसेसर परक्याच्या वहीत आकडे खरडणार. तुमचा निबंध तेथे असेल तर निबंधाची नासाडी.

हा धोका ध्यानात आल्यावर लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये २०२४ च्या सुरुवातीला दुरुस्ती झाली. झोपण्यापूर्वी प्रोसेसरचे लिहिणे थांबवायचे आणि जागे झाल्यावर योग्य पत्ता देऊनच ते पुन्हा सुरू करायचे. त्याच वर्षी आणखी एक सुधारणा झाली. खबर ऐकणारा एकही प्रोग्रॅम नसेल, तर ही सोय चालूच ठेवायची नाही. ऐकणारा नसताना घंटा बडवून काय उपयोग?

यातून मोठा धडा असा, की खबर देणारा प्रामाणिक असून भागत नाही. ती कोठे लिहायची, कोणी वाचायची आणि वाचल्याची पोच कशी द्यायची, हे करार दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळावे लागतात.

प्रचंड यंत्रांत हाच प्रश्न मोठ्या आकाराने उभा राहतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात नुसत्या वाऱ्यावर न विसंबता द्रव खेळवून उष्णता वाहून नेण्याची योजना केली आहे. आपल्या शाळेला तसे करता येणार नाही. पण पात्यांवरची धूळ तर काढता येईल!

करून पहा

लिनक्स असलेल्या संगणकावर 'सेन्सर्स' नावाची आज्ञा उपलब्ध असेल, तर ती प्रोसेसरचे तापमान दाखवते. कर्नल आपल्या नोंदींत तापमान हजारांश अंशांत ठेवतो. तेथे ४५००० दिसले तर घाबरू नका, ते ४५ अंश आहेत. सकाळी आठ वाजता आणि दुपारी दोन वाजता खोलीचे तापमान, चिपचे तापमान आणि एकच ठरावीक काम पूर्ण व्हायला लागलेला वेळ नोंदवा. आठ दिवसांच्या नोंदींचा आलेख काढा. मग गुरुजींच्या देखरेखीखाली, वीजजोड पूर्ण काढून, कोरड्या मऊ ब्रशने पाती स्वच्छ करा आणि पुन्हा आठ दिवस नोंदी घ्या. दोन आलेखांतला फरक तुमच्याशी बोलेल. पंख्याची हवा अडवून 'बघू काय होते' असा प्रयोग मात्र करू नका.

विचार करा

१. खोलीत ४४ अंश, शक्ती ६५ वॉट आणि उष्णतारोध ०.९ असेल तर चिपचे तापमान किती येईल? मर्यादा १०० अंश धरल्यास शक्ती किती वॉटपर्यंत उतरवावी लागेल? (उत्तर : १०२.५ अंश, सुमारे ६२ वॉट.)

२. घंटा ऐकून आलेले सगळे कोअर कडी उघडण्याची वाट पाहत रांगेत उभे राहिले, तर काय तोटा होईल?

३. तक्त्यावर वेळेची नोंद नसती तर ड्रायव्हरला कोणते जादा काम पडले असते?

४. घरातला फ्रिज, पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आणि घाम येणारे आपले शरीर, या तिन्हींत खबर कोण देतो, ती कोणाला मिळते आणि त्यावर कृती कोण करतो, ते लिहून काढा. तिन्ही कामे एकाच भागाकडे कोठे आहेत आणि वेगवेगळ्या भागांकडे कोठे, ते शोधा.